सोडलेला जोर

गोकुळ शिरगावच्या फौंड्रीचा धूर
सकाळपासून आडवा पडलेला.
मी टॉवरवर, पंखा बंद करून, काचेशी.
"वारा तीनशे अंश, चौदा नॉट, गस्टिंग चोवीस."
तीनशे म्हणजे जोतिबाच्या अंगानं,
पण हे रेडिओवर बोलायचं नसतं.

इंगवले म्हणाली, ऐकलं.
तिची एकटीची सातवी फेरी.
दोन खुर्च्यांचं विमान, एक खुर्ची रिकामी.
तामगावच्या खोडव्यावरून ते तिरकं येत होतं,
नाक वाऱ्याकडं, वाट धावपट्टीकडं,
गल्लीतलं कुत्रं पळतं तसं,
मागचे पाय एका अंगाला.

लहानपणी तालमीत वस्ताद
लाल माती हाताला चोळत सांगायचे:
ढकलणाऱ्याला काय भ्यायचं, लेका,
त्याच्याच जोरावर तर तू उभा हैस.
ढकलता ढकलता जो हात काढून घेतो
त्याला भी.

जमिनीपासून हातभर वर असताना
चोवीस आले. तिला पुन्हा पुरुषभर उचललं.
आणि माझ्या समोरच्या आकड्यावर
नऊ.
एवढंच. कुणी मारलं नाही तिला,
धरून ठेवलेलं तेवढं सुटलं.

पुढचं चाक आधी टेकलं, मुडपलं.
पंखा डांबरात.
पत्र्याची पेटी जिन्यावरून सुटावी तसा आवाज,
मग सावकाश उजवीकडं, कुसळांत.

दस्तगीर मुल्लाणी बंब घेऊन पोचला
तेव्हा ती पट्टा सोडून बाहेर,
भुवईवर खोक, एक बूट शोधत.
तिनं विचारलं, वारा किती होता?
तो म्हणाला, "मॅडम, आता तर पानबी हलंना."

फॉर्मवर वाऱ्यासाठी चौकट असते, बोटभर रुंद.
मी लिहिलं: ३००, १४, झोत २४.
खरंच होतं ते.
पण आकडा मागच्या दोन मिनिटांचा,
ती पुढच्या दोन सेकंदांत उतरत होती.
यासाठी चौकट नाही.

आज, पाच टाके सुकल्यावर,
तोच आवाज, जरा सावकाश. वारा विचारते.
"दोनशे ऐंशी, आठ," म्हणालो,
आणि बटण तसंच दाबून धरलं.
माझ्या खोलीतली शांतता
तिच्या कानात जात राहिली असेल.
बाहेर धूर सरळ. मधेच, उगाच,
मान वळवल्यासारखा.
"उतरा," म्हणालो मग.