पार्ट प्रेपरेशन

कागदावर तीन सूचना होत्या.
रात्री दहानंतर काही खायचं नाही.
दागिने, नेलपॉलिश काढून यायचं.
तिसरी, नुसतीच :
पार्ट प्रेपरेशन.

मला आधी नाना पेठच आठवली,
क्लचप्लेटा टांगलेली दुकानं, ग्रीसचा वास.
मग कळलं, कुठला पार्ट.

एकोणपन्नास वर्षांत त्या जागेला
आमच्या घरात नाव नव्हतं.
आई 'तिथं' म्हणायची,
तेही नळ सोडून, आवाज पाण्यात बुडवून.
मी लेकीला 'तिथं'च म्हणाले.
लेक बंगळुरात. तिला फोन लावला,
मेतकुटाचं विचारलं, ठेवला.

रात्री साडेअकराला
बाथरूममध्ये बादली उलटी घालून बसले,
हातात विद्याधरचं रेझर.
बँकेत जन्म गेला, हिशेबच सुचतो :
काढावेत, तर त्या म्हणतील
या वयात बाईला हे कुणासाठी?
ठेवावेत, तर म्हणतील
चांगल्या घरातली दिसते, आणि हे असं.
पायांना तर मार्चपासून वॅक्स नाही.
गर्भाशयातली गाठ काढणारा माणूस
पोटऱ्या बघतो का?
बघत असणार. डोळे असतात त्याला.

आणि पांढरे निघाले, चार-पाच.
डोक्यावरचे दर तीन आठवड्यांनी रंगवते मी.
हे मला न सांगताच म्हातारे झाले.

निम्मं झालं आणि कापलं.
थेंबभरच. डेटॉल झोंबलं.
हाक मारावी असं ते दुखणं नव्हतं.
तसंच सोडून दिलं,
मजूर अर्धं रान कापून
रोजावरून भांडून निघून जातात, तसं.

सकाळी सहाला कर्वे रस्ता रिकामा,
मेट्रोच्या खांबांखाली पोरं
पेपरात पुरवण्या घालत बसलेली.
विद्याधर रिक्षात थर्मास कवटाळून.
चहा मला चालणार नव्हता,
हे त्याला लक्ष्मी नगरापाशी आठवलं.

द्वारका मावशींनी पडदा ओढला.
गाऊनला दोन नाड्या, त्यातली एक तुटलेली.
मी म्हणाले, सॉरी हं.
कशाबद्दल, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"हे कुणी केलं?"
"मीच."
"घरी रेझर लावायचा नाही, सांगत नाहीत होय तुम्हाला?
कापलं की जंतू जातात.
आम्ही काय बसून पगार घेतो?"

त्यांचा राग त्या एवढ्याशा कापण्यावर होता, फक्त.
ट्रिमर घुरघुरला.
पडद्यापलीकडच्या कुणाला तरी त्या सांगत होत्या,
धायरीला दोन दिवस टँकर नाही,
गुडघा बाजूला घ्या ताई,
आणि नगरसेवक फोन उचलत नाही.
डावा हात माझ्या मांडीवर,
गवार मोडताना मांडीवर ताट असतं, तसा निवांत.

मी विचारलं, सगळ्या बायका अशाच...
पुढं शब्द नव्हता.
"अशाच म्हंजे?
परवा एक लिपस्टिक लावून आलती.
पुसायला लावली तर रडली."

मी त्यांच्या हनुवटीकडं पाहत होते.
तीन केस होते, राठ, काळे.
काढायचे राहिले असतील.
किंवा राहू दिले असतील.
मी पाहिलं, ते त्यांनी पाहिलं.
ट्रिमर थांबला नाही.

आता चौथा आठवडा.
गाठ साधी निघाली.
काउंटरवर बसलं की खाजतं,
ज्वारी काढल्यावर रानात सड टोचतात ना, तसं.
खुर्चीत जरा सरकून घेते.
रांगेतले आजोबा म्हणतात, मॅडम, सही कुठं करू?
मी 'तिथं' म्हणायला जाते,
आणि एकटीच हसते.
आजोबा आधी मागं बघतात, मग
स्वतःच्या शर्टाची बटणं.