कानाच्या उंचीवर

मारुती चौकाच्या आत, मुनीर अत्तारच्या बोळवजा दुकानात
जुने स्पीकर थप्पीनं रचलेत,
काहींच्या जाळीवर अजून गाळाची रेघ.
हे बुडालेले का, मी विचारते.
"ताई, सांगलीत येऊन
न बुडालेलं मागताय व्हय?"

जोडी अठराशेला.
एका खोक्याचा कोपरा फुगलाय, पापुद्रा सुटलाय,
पण आतला कागदी शंकू नवा.
मिरजेच्या मामानं चिकटवलाय म्हणतो,
ज्या हातानं तंबोऱ्याचा भोपळा सांधतात त्याच हातानं.
मी भोपळ्याला भुलत नाही.
पंधराशे. वायर फुकट.
आणि वाजवून दाखव.

"काय लावू?"
माझ्या फोनमध्ये गाणी नाहीत फारशी.
एक आहे, तीन वर्षांपूर्वीचं,
हर्णैहून हरेशनं पाठवलेलं, जूनचं, वादळाच्या सकाळचं.
सव्वा मिनिट.
लाव, म्हटलं.

मुनीर डाव्या खोक्याला कान लावतो, तोंड वाकडं करतो.
"ह्यो फाटतोय. थांबा, दुसरा देतो."
फाटत नाहीये रे,
तिकडून पत्रे चाललेत.

फोनवर तीन वर्षं हा नुसता गोंगाट होता,
डब्यात खडे घालून हलवल्यासारखा.
आता डावीकडं पत्रे,
उजवीकडं, मुनीरच्या सोल्डरिंगच्या टेबलापाशी, आई:
दार धर, अरे दार धर.
आणि मधोमध,
जिथं दुकानात नुसतं एक रिकामं स्टूल आहे,
हरेश मोजतोय.
नऊ. दहा.
अकरा.
बारा.
इथं संपतं.

मुनीरनं आवाज बारीक केला नाही, मोठाही केला नाही.
फडक्यानं जाळी पुसली
आणि चौदाशेच घेतले.

जाताना त्यानं शिकवलं:
दोघांत सहा फूट अंतर, तोंडं जरा आत वळवून,
आणि कानाच्या उंचीवर ठेवा, ताई, कानाच्या उंचीवर.

दत्तनगरात आमच्या भिंतीवर
कानाच्या उंचीवर एकोणीसची रेघ आहे.
दोनदा रंग दिला, तिसऱ्यांदा नवरा म्हणाला, असू दे,
फ्रेम लावायला सरळ ओळ मिळते.
रेघेखाली आम्ही काही महाग ठेवत नाही.
तांदूळ माळ्यावर, कागदपत्रं माळ्यावर,
स्पीकर माळ्यावर,
तोंडं खाली, आत वळवून,
लग्नात रुसून बसलेल्या दोन मामांसारखे.
आवाज डोक्यावरून जातो.
नीट ऐकायचं तर मी स्टुलावर उभी राहते.

माहेरी वारा न विचारता येतो,
दुपारपर्यंत सगळं उरकून जातो.
इथं पाणी सवड काढून येतं,
कोयनेतून निघाल्याचं आधी कळवतं,
पुलाखाली फुटाफुटानं चढतं,
आणि दारात दिसायच्या आधी
गटारीतून, मागच्या बाजूनं, आत डोकावतं.
लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती,
बरं झालं, समुद्र नाही तिथं.

दर ऑगस्टात हरेशचा फोन. किती फूट?
दर जूनमध्ये माझा. वेग किती?
मध्ये दहा महिने
आम्ही आंब्याविषयी आणि मुलांच्या मार्कांविषयी बोलतो.

आज ऑगस्ट नाही, जून नाही.
स्टुलावरूनच फोन लावला.
हरेश, बाराच्या पुढं?
"काय बाराच्या पुढं?"
पत्रे.
तो थांबला. मागं बंदरावरचा लिलाव चालला होता,
कुणीतरी सुरमईचा भाव ओरडत होतं.
"पुढचे मोजलेच नाय गं.
दार धरायला गेलो."

मग म्हणाला, स्पीकर घेतलास म्हणे. केवढ्याला?
चौदाशे.
"एकाचे की दोघांचे?"