बरोबरची खूण

लिबेरेत्सचं इस्पितळ, तिसरा मजला,
सात नंबरच्या खाटेवर बोहुमीर क्रात्सीक.
वय एकोणसत्तर, त्यातली पंचेचाळीस वर्षं काच फुंकण्यात.
मुलगी सांगते: भट्टीसमोर लोखंडी नळी ओठांना लावून
गाल न फुगवता बाबा श्वास सोडायचे
आणि टोकाशी लाल गोळा
फळासारखा भरत यायचा.

आता नळी त्यांच्या तोंडात आहे
आणि फुंकणारं यंत्र दुसऱ्या टोकाला.

मी ब्लाझेना. रात्रपाळी.
सगळे पडद्यावरची हिरवी रेषा बघतात,
मी दात बघते.
खाली डावीकडे सोन्याची टोपी घातलेला एक,
त्याच्या मुळाशी पिवळट साय,
जीभ वाळल्या सालीसारखी.
तिथे वस्ती आहे, आणि ती कालची नाही.
दुधाच्या दातांपासूनची कुळं,
यांच्याच घासातला घास खाऊन वाढलेली,
दिवसातून शेकडो वेळा नकळत गिळली गेलेली,
पोटातल्या आम्लात बिनबोभाट विरलेली.
वैर कुणाचंच नव्हतं.

पण औषधाने निजवलेला माणूस आवंढा गिळत नाही.
खोकत नाही. लाळ आटते.
दोन-तीन दिवसांत जुनी कुळं उठतात
आणि त्यांच्या जागी येऊन बसतात इस्पितळाचे रहिवासी,
कितीतरी औषधं पचवलेले, निगरगट्ट.
घशाखाली नळीभोवती एक फुगा असतो, वाट अडवायला.
त्याच्यावर तळं साचतं.
फुग्याला सुरकुती असते.
सुरकुतीतून एक थेंब,
घाई नाही त्याला,
उतरतो.

म्हणून उशाची बाजू तीस अंश वर.
म्हणून फुग्याचा दाब मोजायचा, साचलेलं ओढून घ्यायचं,
चार-चार तासांनी ब्रश,
आणि तक्त्यावर बरोबरची खूण.

मंगळवारी दोन खाटा एकदम बिघडल्या.
चार नंबरची बाई. नऊ नंबरचा तो बर्फावरून घसरलेला पोरगा.
तीनचा ब्रश राहिला.
सकाळी सहाला तक्ता भरताना
माझ्या हाताने तिथेही खूण केली.
छोटीशी. बाकीच्यांसारखीच.

गुरुवारी ताप, एकोणचाळीस पूर्णांक दोन.
एक्स-रेमध्ये उजवीकडे खाली
थंड काचेवर कुणी हा करावा तसा ढग.
डॉक्टर श्टेपानेक म्हणाले, पाचव्या-सहाव्या दिवशी होतं असं, सगळं करूनही होतं.
सगळं करूनही.
त्या एका रात्रीमुळे का, ते कुणी सांगू शकत नाही.
सांगता आलं असतं तर मी रडले तरी असते
किंवा झोपले तरी.

इवेता घरचा ब्रश घेऊन आली,
निळा, केस दोन्हीकडे वाकलेले.
झोपलेल्या माणसाचे दात कशाला घासता, तिने विचारलं.
मी म्हटलं, आतलं दार उघडं राहिलंय ना,
म्हणून उंबरा झाडायचा.
पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं.
जिभेवर एवढ्या जणांची वस्ती,
तरी ऐनवेळी ती एकटी पडते.

शनिवारी जुना तक्ता मागून घेतला.
त्या खुणेवर काट मारली, शेजारी लिहिलं: केलं नाही.
सही.
मोठ्या सिस्टरने वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
कॉफीचा एक कप माझ्याकडे सरकवला. बोलली सोमवारी,
आणि बरंच बोलली.

आज पहाटे. झोपेचं औषध कमी केलंय, ताप उतरतोय.
निळा ब्रश सोन्याच्या दाताशी पोचला
आणि त्यांनी तो दातांत धरला.
घट्ट. ओठ नळीभोवती गोल झाले.
गाल फुगले नाहीत.
मी ओढला नाही. थांबले.
मग ओठांच्या कोपऱ्यातून, कितीतरी दिवसांनी,
लाळ.

मी ती शोषून घेतली, आधी तेच.
तीन वाजून वीस मिनिटं.
वेळ लिहिली. खूण करायला पेन टेकवलं
आणि अजून एकदा दाताच्या मुळाशी बघून आले.