कबुतरांचं कलम

मार्चमधला रविवार. प्रार्थना संपली तरी कुणी उठलं नाही.
व्हर्सायहून हुकूम आला होता,
गावोगावच्या तक्रारी लिहून पाठवा, राजाला ऐकायचंय.
लिहिता येणारे गावात दोघेच, पाद्री आणि मी.
पाद्रीबाबांचे डोळे नेमके त्या दिवशी अधू झाले,
म्हणून दौत माझ्यापुढे सरकली.

मी शाळामास्तर. पगार म्हणजे अंडी, थोडं धान्य,
आणि कुणी मेलं तर घंटा वाजवायचे चार पैसे.
घरात टाक दोन, एक पत्रांचा, एक हिशेबाचा.
तक्रारीचा कुठला, ते मला ठाऊक नव्हतं.

पहिल्यांदा मीठ आलं.
गाडीवान मातुरँ म्हणाला,
खाल्ल्या मिठाला जागा म्हणतात. जागतो की. रात्र रात्र जागतो.
माणशी इतकं घ्यायचंच, लागो न लागो,
सरकारी भावानं,
आठ वर्षांच्या पोराचंही मोजून!
लोक हसले. चर्चमध्ये हसले.
मी लिहिलं : मायबापांनी मिठाबाबत कृपादृष्टी ठेवावी.

मग रस्त्याची वेठ. मग दळण, धन्याच्याच चक्कीवर.
प्रत्येक वाक्याच्या शेपटाला मी कृपा बांधत गेलो,
बाजारात न्यायच्या गाईला रिबन बांधतात तशी.

तेवढ्यात पेर्नेल उठली. दोन वर्षांमागे नवरा गेलेला,
ओढ्याकाठी वीतभर शेत.
एप्रनखालून तिनं काहीतरी काढलं
आणि माझ्या कागदाशेजारी ठेवलं.
कबूतर.
हवेलीच्या बुरुजातलं, मान मुरगळलेलं, गळ्याची पिशवी टम्म.
तिनं ती सुरीनं चिरली.
गहू सांडला टेबलावर, ओलसर,
अठ्ठेचाळीस दाणे. मी मोजले, मोजायची सवय.

त्या पाखरावर हात टाकला तर काय होतं
ते सगळ्यांना माहीत होतं.
दाराशी कारभाऱ्याचा माणूस टोपी फिरवत उभा.

'हे माझे,' ती म्हणाली. 'लिही.'

मी लिहिलं : पेरणीच्या दिवसांत कबुतरं कोंडून ठेवावीत
ही नम्र विनंती
'विनंती कसली?
माझेच दाणे मागायला मी वाटी घेऊन जाऊ?'

जिल्ह्याच्या वकिलानं नमुन्याचा कागद पाठवला होता.
त्यात एक शब्द होता, शहरी, चकचकीत,
कुणी पायात न घातलेल्या बुटासारखा.
हक्क.
मातुरँनं विचारलं, हे काय, खायचं असतं?
मी विनंतीवर रेघ मारली.
टाक रुतला, शाई फुटली.
डाग अजून असेल, कुणी कागद जपला असेल तर.

सह्या झाल्या. एकोणीस नावं, एकतीस फुल्या.
पेर्नेलची फुली घ्यायची सोय नव्हती.
मी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही,
दाणे एकेक वेचून खिशात घातले फक्त.

ऑगस्टात बुरूज रिकामा झाला.
मग मोठा जाहीरनामा आला, चर्चच्या दारावर ठोकला,
मीच वाचून दाखवला : माणूस जन्मतः स्वतंत्र आहे.
आमच्या भाषेत माणूस आणि पुरुष
एकाच शब्दात राहतात.
मागून पेर्नेलचा आवाज, 'मास्तर, यातला कुठला?'
मी पुढचं कलम वाचायला घेतलं.

त्यानंतर शहरात काय काय झालं ते तुम्ही ऐकलंच असेल.
त्या वकिलाचं डोकंही गेलं.
त्याचा नमुन्याचा कागद माझ्याकडेच राहिला,
नंतर कधीतरी मुलांनी त्याच्या होड्या केल्या.

हे सगळं सुरू कुठून झालं, विचारतात.
पुस्तकांची नावं सांगणारे पुष्कळ आहेत.
मला त्या रविवारची संध्याकाळ आठवते.
दारात पेर्नेलची पोरगी, हातात वाटी,
वाटीत कबुतराचं सार.
अळणी होतं.

वाटी परत करताना
मी तिच्यात मूठभर मीठ टाकलं.
तेवढंच होतं घरात.