शतपावली

रात्री सव्वादोनला हे उठतात.
चपला हातात, कडी बोटाने दाबून धरलेली,
आणि गच्चीवर जातात.
मी झोपलेय असं त्यांना वाटतं.

तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीत मी,
उज्जैनची हाक खंडव्याला जोडून दिलीय.
आवाज कुठून येतो, कुठे अडतो,
ते अंधारातही कळतं मला.
वर फरशीवर अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास.
मग थांबणं.
मग टाकीकडे तोंड करून दिलेला
दबका, अर्धा ढेकर.
उरलेला अर्धा ते परत घेऊन येतात,
माझ्याकडे पाठ करून निजतात.

अडीच महिने झाले लग्नाला.
ते एकसष्ट, मी छप्पन्न.
सह्या घेताना रजिस्ट्रारने विचारलं नाही
कुणाला काय पचतं.

थंडी पडली तसे दर शनिवारी सराफ्यात नेतात मला.
गराडू, वर जीरावन, मग भुट्ट्याचा कीस,
मग "अजून एक दोना?"
मला आवडतं म्हणून ते नेतात.
त्यांना आवडतं म्हणून मी जाते.
हे दोघांनाही फार उशिरा कळलं.
तोवर त्या सभ्यपणाने
दोन्ही पोटं ढोलासारखी तट्ट.

स्वयंपाकघरात वरच्या फळीवर एक बाटली आहे.
झाकणाला गंज, चिठ्ठीवर कुमुदिनीबाईंचं अक्षर:
ओवा, सैंधव, लिंबाचा रस. सात उन्हं.
तळाशी दीड चमचा.
चार वर्षांत त्याला हात लागलेला नाही.
एकदा पाहिलं, ते झाकण उघडतात,
वास घेतात, घट्ट लावतात.
औषध संपवायचं नसतं काही माणसांना.

मी काही विचारलं नाही.
सियागंजातून पावशेर ओवा आणला,
लिंबं पिळली, आल्याचा रस घातला
(आमच्याकडे आलं घालतात),
आणि ताट गच्चीवर ठेवलं,
वर माझ्या जुन्या ओढणीचा तुकडा.

त्या रात्रीपासून फेरीत तीन पावलं वाढली.
वळसा घालत होते.

चौथ्या दिवशी चहाच्या वेळी, पेपरामागून:
"किती उन्हं द्यायची?"
"तुमच्याकडे?"
"सात."
"आमच्याकडे पाच."
सहा दिली.

सहाव्या संध्याकाळी त्यांनीच स्टूल ओढलं,
बाटली खाली काढली, ओट्यावर ठेवली,
आणि विनाकारण मोटार पुसायला गेले.
मी ते दीड चमचा नव्या ओव्यात कालवलं,
विरजण लावतात तसं.
चिठ्ठी काढली नाही.
खाली पेन्सिलीने लिहिलं: आणि आलं.

हे सगळं झालं तरी बाफले ते बाफलेच.
रविवारी परदेशीपुऱ्यात मामेबहिणीने
तूप पळीने नाही, तांब्याने वाढलं.
रात्री सव्वादोन. कडी. पावलं.
सत्तावीसवरच थांबली.

मी हिंग कोमट पाण्यात कालवला
आणि वाटी घेऊन वर गेले.
असे दचकले, जसं चोरीच पकडली.
"बसा. सदरा वर घ्या."
"अहो, हे तान्ह्या बाळाला लावतात."
"मग व्हा थोडा वेळ."

बेंबीभोवती बोट फिरवत राहिले,
उजवीकडून वर, डावीकडून खाली.
पोट घट्ट, गरम, लाजलेलं.
खाली गल्लीत चौकीदाराची शिट्टी,
लांब कुठेतरी बायपासवर ट्रक.
कुमुदिनीबाईंबद्दल त्यांनी एक वाक्य सुरू केलं,
मध्येच सोडलं.
मी बोट थांबवलं नाही.

आणि मग आला.
पायापासून उठलेला, लांबलचक, तोंड उघडून दिलेला,
शेजारच्या गच्चीवरचं कुत्रं उठून बसेल असा.

"माफ करा," ते म्हणाले, कान लाल.

मी हिंगाचं बोट पदराला पुसलं.
म्हटलं, "बोला.
लाइन लागली."