कार्बन प्रत

फाइल क्रमांक एकशे सत्तेचाळीस.
मीच टाइप केली, म्हणून पाठ आहे.

जुलैची थंडी. ताकुआरेम्बोच्या पुढे
रस्ता संपतो आणि मेंढ्या सुरू होतात.
हवाई दलाची जीप दोनदा रुतली.
लेफ्टनंट पिरिस स्वतः उतरून ढकलत होते,
इस्त्रीच्या पँटीला गुडघ्यापर्यंत तांबडी माती.
मोंतेविदेओहून निघण्यापूर्वीच त्यांनी
शेवटच्या रकान्यात पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं:
शुक्र.
दहातल्या सात वेळा शुक्रच निघतो.
उरलेल्या तिनांत फुगे, उल्का आणि दारू.

एउलोखिया बेंतांकोर, वय एकसष्ट,
दारातच म्हणाली,
"शुक्र सांगायला आला असाल
तर आधी माते घ्या, मग जा.
चाळीस वर्षं त्या चांदणीच्या उजेडात धार काढतेय.
ती तिथे होती. हे तिच्या डावीकडे."

लेफ्टनंटनी खिशातून खोडरबर काढला.

अठ्ठावीस प्रश्न होते.
हात लांब करा. उजेड केवढा? मटाराएवढा? नाण्याएवढा?
तिनं हात लांब केला, एक डोळा मिटला.
"मिठाच्या खड्याएवढा. जाडं मीठ, गुरांचं."
फॉर्मात मीठ नव्हतं.
मी मटार लिहिला.
रंग?
"लोकर पहिल्यांदा धुतली की पाण्याला येतो तो."
आवाज?
"कुत्रा गप्प झाला. त्याला आवाज म्हणायचं का?"
किती वेळ?
"दोन गाईंची धार. तांबडी हल्ली पान्हा चोरते,
तेव्हा जरा जास्तच धरा."

दुसरा साक्षीदार?
"शेजारचा वॉशिंग्टन. पण तो म्हणतो
कुणाला तरी नीट पुरलेलं नाही, त्या हाडांचा उजेड.
तेव्हापासून त्या कुंपणाकडे फिरकत नाही.
मी गेले होते. फावडं घेऊन.
हाडं नाहीत. नुसतं काटेरी गवत,
आणि एक जुना नाल, तो मी आणला."
नाल तिनं टेबलावर ठेवला.
लेफ्टनंटनी तो उचलून पाहिला, पुन्हा तिथेच ठेवला.
नालेसाठी रकाना नव्हता.

त्या रात्री आम्ही तिघं ओसरीत बसलो.
त्रिशंकू हळूहळू कलंडत गेला.
लेफ्टनंटच्या मांडीवर कॅमेरा,
लेन्सवर दव, ते पुसत होते, पुन्हा दव.
काही आलं नाही.
म्हणजे नेहमीचं सगळं आलं, शुक्रासकट,
आणि तिनं नुसतं बोट दाखवलं: हा तुमचा.

पहाटे अंधारातच तिनं फाटक उघडलं.
मेंढ्या एकामागून एक बाहेर पडताना
ती नुसत्या खुरांच्या आवाजावर मोजत होती.
"तीनशे बारा."
उजाडल्यावर लेफ्टनंटनी कुरणात जाऊन मोजल्या. तीनशे अकरा.
पुन्हा मोजल्या.
एक खडकाआड बसली होती.

शेवटचा प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नसतो.
विश्वासार्हता, एक ते पाच.
लेफ्टनंटनी जीपमध्ये बसून पाच लिहिला,
इतका दाबून की पेन्सिलीचं टोक मोडलं.

ऑफिसात कर्नलसाहेबांनी फाइल उभ्या उभ्या चाळली.
बाई. एकटी. तिसरी पास.
"पाच कशाला? दोन करा."
निष्कर्ष: माहिती अपुरी.
लेफ्टनंट खिडकीबाहेर पाहत राहिले.
बाहेर फक्त पार्किंग होतं.

मी तेव्हा बावीस वर्षांचा.
वरच्या कागदावरचा पाच खरवडला,
दोन्ही कागद पुन्हा मशीनमध्ये घातले,
दोनचा खटका मारला.
खालच्या प्रतीवरचा पाच खोडायचा राहिला,
की मी राहू दिला;
या वयात खोटं बोलून मला काही मिळायचं नाही,
पण खरंच आठवत नाही.

परवा तळघर रिकामं करताना ती प्रत हाती आली.
पाचावर दोन बसलाय.
धड हाही वाचता येत नाही, तोही नाही,
एक निळसर डाग, कडांना फुटलेला.
मी हात लांब करून पाहिला, एक डोळा मिटून.
मटार नव्हे.

तांबडीचं पुढे काय झालं, फाइलीत नाही.