मधी वाचनाऱ्या दादास

खांबावरचा कॅमेरा गेल्या मंगळवारी लागला.
भदौरिया शिपाई शिडी धरून उभा होता,
म्हणाला, काकासाहेब, आता निर्धास्त झोपा.
खोटं नाही. गुप्त्यांच्या सुनेची साखळी ओढणारी पोरं
पलीकडच्या चौकातल्या असल्याच खांबामुळे सापडली.
झोपतो, म्हटलं,
आणि न्हाणीघराच्या खिडकीला
जुन्या कॅलेंडरची पानं चिकटवायला घेतली.

डिंकाचा वास आला
आणि हात एकाहत्तर सालात गेले.

बाड्यावरचं पोस्ट, मागची खोली,
स्टोव्हवर सतत फुसफुसणारी किटली. चहाची नव्हे.
पाकिटाची कड वाफेवर धरायची,
तीस आकडे मोजायचे, हाडाची सुरी सरकवायची.
मराठी टपाल माझ्याकडे.
साहेब म्हणाले, दाभाडकर, भाषा तुमची आहे,
माणसं तुमची नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.
महाराजपूरहून विमानं उठली
की आमच्या दौती थरथरायच्या.

मी वाचलं: कुणाची म्हैस व्याली,
कुणाची सून नांदेना,
मिरजेत कुणाच्या खोकल्यात रक्त दिसलं.
एकाने भावाला सहज कळवलं होतं
कुठल्या रात्री किती निघणार, कुठल्या अंगाला.
भाऊ गिरणीत, साधा माणूस. पण गिरणीत किती कान असतात?
ब्लेडने तेवढ्या तीन ओळी काढल्या.
कुणाचा जीव वाचला
की नुसतंच पत्राला भोक पडलं,
मला कोणी सांगितलं नाही.
आज विचाराल तर पुन्हा काढीन.
हे लिहिताना हात अडखळला नाही,
त्याचंच जरा वाटतं.

आणि कवठे एकंदची यमुना इंगवले.
कॉर्पोरल नवऱ्याला दर सोमवारी पत्र,
अक्षर गोवऱ्या थापल्यासारखं.
तिसऱ्या पत्रात, नवऱ्याचा मजकूर संपल्यावर,
दोन बोटं जागा सोडून:

'मधी वाचनाऱ्या दादास रामराम.
तुमी खळ लई लावता, उघडताना कागूद फाटतोय.
वाचा, माजी ना न्हाई.
पन पोरीचा ताप लिवलाय,
तेवडं बेगीन फुडं धाडा.'

मी खुर्चीतून उठलो.
दाराला आतून कडी होती
तरी मागे वळून पाहिलं.
इतके महिने मी कुणालाच दिसत नव्हतो.

ते पत्र त्याच दुपारी, शिक्का न मारता,
सायकलवरून मीच नेलं
मुरारच्या पलीकडे, फाटकापर्यंत.
पहारेकऱ्याने नाव विचारलं. सांगून बसलो.

पुढचा सोमवार मोहन्यांच्या टेबलावर उगवला.
मला मनीऑर्डरीच्या खिडकीवर बसवलं होतं.
सायकलचं कोणीतरी कळवलं होतं,
कुणी, ते अजून माहीत नाही;
मोहनी मेले तेव्हा खांदा द्यायला गेलो, तिथेही हाच विचार.
पोरीचा ताप उतरला का
ते मोहन्यांनी वाचलं असणार.
त्यांना विचारणं नियमात बसत नव्हतं.

आता सकाळी दुधाची पिशवी घेऊन परतताना
खांबाखाली थांबतो, वर बघून म्हणतो, रामराम.
भदौरिया हसतो. वर कोणी नसतं, काकासाहेब,
मशीन बघतं. काही घडलं
तरच माणूस बघतो.

म्हणजे तापाचं कळवायचं कुणाला?

न्हाणीघरात ऊन आलं की दिसतं,
ऑगस्टचं पान सुरकुतलंय, एका कडेला फाटलंय.
डिंक जास्त झाला, यमुनाबाई.
अजून जमत नाही.